लेव्हल ९९ चा निम्मा रस्ता ९२ वर का येतो?

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये कोणतंही कौशल्य लेव्हल ९९ पर्यंत नेता येतं. त्यासाठी १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, जमवावे लागतात. लेव्हल ९२ ला लागतात ६५,१७,२५३. ९२ वर पोचलेला खेळाडू शिखराजवळ आल्यासारखा दिसतो, पण त्याची जेमतेम निम्मी वाट सरलेली असते. उरलेल्या सात लेव्हल आधीच्या सगळ्या लेव्हलच्या एकत्रित वजनाच्या आहेत. ‘९२ म्हणजे ९९ चं निम्मं’ हा खेळाडूंमधला जुना विनोद यातूनच आला.

सूत्रच तसं बांधलंय. दर सात लेव्हलला लागणारे एक्सपी साधारण दुप्पट होतात, म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिक उंच. सुरुवातीला ही वाढ जाणवत नाही, शेवटी मात्र अंगावर येते.

गेम हाती घेतला की खेळाडू पहिल्यांदा विचारतात, लेव्हल कॅप, म्हणजे सर्वात वरची लेव्हल, किती? निम्मी वाट कुठे येते, हे विचारलं तर गेमबद्दल जास्त कळतं. टेबलाभोवती बसून खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली पायरी १,००० एक्सपीची, दुसरी २,००० ची, तिसरी ३,००० ची. अशी बेरीज करत लेव्हल २० ला १,९०,००० होतात. लेव्हल १४ ला ९१,००० भरतात, म्हणजे निम्मी वाट कॅपच्या ७० टक्क्यांवर. पोकेमॉनच्या एका गटात एकूण एक्सपी लेव्हलच्या घनाइतके असतात: लेव्हल १०० ला १० लाख, लेव्हल ८० ला ५,१२,०००. तिथे निम्मं ८० च्या किंचित आधी येतं. रूनस्केपमध्ये ते ९३ टक्क्यांवर गेलंय. निम्मं जितकं शेवटाकडे सरकतं, तितका कॅप दुरून पाहण्यापुरता उरतो.

पण एक्सपीचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. पुढची लेव्हल ५०,००० एक्सपीवर आहे आणि एक शत्रू ५,००० देतो, तर दहा शत्रूंत काम झालं. खरं माप म्हणजे एका लेव्हलला किती लढाया. वर सांगितलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पायऱ्या उंच होत गेल्या, तरी पात्राच्या तोडीच्या शत्रूंशी साधारण तेरा लढाया झाल्या की लेव्हल वाढावी असा हिशेब होता, लेव्हल ३ वर असो की १५ वर. आकडे फुगतात, वेग तोच राहतो.

तक्ता कसा मांडतात

नवशिके आधी एक्सपीचं सूत्र लिहितात आणि मग गेम त्यात बसवायला जातात. उलट दिशेने गेलं तर काम सोपं होतं: आधी वेळ, मग शत्रू, शेवटी एक्सपी.

समजा लढाईचा एकूण वेळ २० तास आणि कॅप ३०. लेव्हल १ वरून ३० वर जायला २९ पायऱ्या. १,२०० मिनिटं २९ मध्ये वाटली तर सरासरी ४१ मिनिटं येतात. पहिली पायरी ५ मिनिटांत चढता यावी असं ठरवलं, तर सरासरी जुळायला शेवटची ७८ मिनिटांची ठेवावी लागते आणि मधली प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा २.६ मिनिटांनी लांबते. आता शत्रू. मिनिटाला दोन पडतात, लेव्हल १ चा शत्रू १० एक्सपी देतो आणि दर लेव्हलला ही रक्कम दहा टक्क्यांनी वाढते. लेव्हल २९ चा शत्रू मग १४४ देतो. पहिल्या पायरीची किंमत ५ गुणिले २ गुणिले १०, म्हणजे १०० एक्सपी. शेवटचीची ७८ गुणिले २ गुणिले १४४, म्हणजे २२,४६४. पडद्यावर आकडा सव्वादोनशे पट झाला, पण मारायचे शत्रू १० वरून १५६ वर गेले, म्हणजे साडेपंधरा पट. खेळाडूला पहिलं दिसतं आणि दुसरं सोसावं लागतं.

हा तक्ता तीन ठिकाणी हमखास कोलमडतो. पहिलं कारण वेळेचं. २० तासांच्या गेममध्ये चालणं, बोलणं, सामान विकणं आणि नकाशात हरवणं यात बराच वेळ जातो. तो धरून मिनिटं मोजली तर एक्सपी कमी पडतात आणि खेळाडूला तेच ते शत्रू पुन्हा पुन्हा मारत बसावं लागतं, ज्याला सगळे ग्राइंड म्हणतात. दुसरं, सोपे शत्रू. बरोबरीचा शत्रू ३० सेकंदांत पडून १०० एक्सपी देतो आणि खालचा ५ सेकंदांत पडून ५० देतो, तर शहाणा खेळाडू खालच्यालाच मारत बसणार, कारण त्याच ३० सेकंदांत त्याला ३०० मिळतात. म्हणून लेव्हलमधला फरक वाढला की एक्सपी कापावे लागतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये फारच खालच्या शत्रूचं नाव करड्या रंगात दिसतं आणि तो शून्य एक्सपी देतो.

तिसरं कारण बाजूच्या कामगिऱ्या, आणि यात मोठमोठे गेम फसलेत. मुख्य कथेपुरता हिशेब केला, की प्रत्येक कोपरा धुंडाळणारा खेळाडू कथा संपायच्या खूप आधी कॅपला टेकतो. फॉलआउट ३ मध्ये, २००८ साली, कॅप २० होता. नकाशा प्रचंड, त्यामुळे मन लावून खेळणाऱ्यांचे एक्सपी अर्ध्या जगात फिरून झाल्यावर वाया जाऊ लागले. २००९ च्या ब्रोकन स्टील या जोड-भागाने कॅप ३० केला. सर्वात जास्त खेळणाऱ्यालाच सर्वात आधी बक्षीस बंद होणं, ही माझ्या मते कॅपची सगळ्यात वाईट जागा.

लेव्हल वाढली, पण काही बदललं का?

शत्रूची हेल्थ, म्हणजे तो किती मार सोसू शकतो तो आकडा, १०० आहे. तुमचा वार ३४ चा असेल तर तीन वारांत तो पडतो. वार ४९ चा झाला तरी तीनच लागतात. ५० झाला की दोन. म्हणजे ३४ ते ४९ या टप्प्यात जितक्या लेव्हल मिळाल्या त्या या शत्रूपुरत्या कागदावरच राहिल्या, आणि मग एका गुणाने लढाई एकतृतीयांशाने आखूड झाली. आकडेवारी पाहणाऱ्याला वाढ सरळ रेषेत दिसते, खेळणाऱ्याला ती पायरी-पायरीने जाणवते. ‘दोन लेव्हल वाढल्या पण काही फरकच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

डॅमेज, म्हणजे एका वाराने होणारं नुकसान, काढायच्या सूत्रानेही चित्र पालटतं. हल्ल्यातून बचाव वजा करणारं सूत्र घ्या. हल्ला ५०, बचाव ४५, डॅमेज ५. हल्ला फक्त दहा टक्क्यांनी वाढून ५५ झाला की डॅमेज १०, थेट दुप्पट. आणि हल्ला ४५ च्या खाली असेल तर शून्य, मग हाताशी कितीही वेळ असो. अशा गेममध्ये एकेक लेव्हल सोन्याची असते आणि तोल सांभाळणं महाकठीण. भागाकाराचं सूत्र, म्हणजे हल्ल्याचा वर्ग भागिले हल्ला अधिक बचाव, जास्त सौम्य. त्याच आकड्यांना ते २६ आणि ३० देतं. चूक झाली तरी लढाई हातची जात नाही.

याच्यापुढची युक्ती म्हणजे सॉफ्ट कॅप: वाढ थांबत नाही, फक्त तिचा फायदा आटतो. २०२२ च्या एल्डन रिंगमध्ये कमाल लेव्हल ७१३ आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो कुणी मुद्दाम निवडलेला नाही: पात्राचे आठ गुणधर्म, प्रत्येकाची कमाल ९९, आणि लेव्हल १ च्या सर्वात रित्या पात्राकडे प्रत्येकात १०. वाढायला आठ गुणिले ८९, म्हणजे ७१२ जागा. त्यात पहिली लेव्हल मिळवली की ७१३. इतकं वर कुणाला जायची गरज नसते. का, ते व्हिगर या हेल्थ ठरवणाऱ्या गुणधर्मात दिसतं. व्हिगर २५ वर हेल्थ ८००, ४० वर १,४५०, ६० वर १,९००, ९९ वर २,१००. पंचविसावरून चाळीसपर्यंत प्रत्येक पॉइंट सरासरी ४३ हेल्थ देतो, चाळीसवरून साठपर्यंत साडेबावीस, आणि साठच्या पुढे जेमतेम पाच. तिकडे प्रत्येक नव्या लेव्हलची किंमत वाढतच असते. म्हणून बिल्ड, म्हणजे पॉइंट कुठे टाकायचे याची योजना, आखताना व्हिगर ४० लवकर गाठावा, ६० पर्यंत सवडीने न्यावा आणि तिथे थांबून पॉइंट दुसरीकडे वळवावेत. साठच्या पुढे अडवणारी भिंत नाही, फक्त तिकडे जाण्यात राम नाही.

लेव्हलबरोबर शत्रूही वाढवायचे, हा तिसरा मार्ग. ऐकायला न्याय्य, प्रत्यक्षात घातकी. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये सात मुख्य कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या की लेव्हल वाढते, आणि जगातले बरेचसे शत्रू त्यासोबत तगडे होतात. ज्याने बोलणं आणि घासाघीस यांसारखी कौशल्यं मुख्य म्हणून निवडली, त्याची लेव्हल बाजारातच वाढते. तलवार चालवता येत नाही आणि बाहेरचे डाकू काचेच्या महागड्या चिलखतात उभे. चतुर खेळाडूंनी मग कधीच न वापरायची कौशल्यं मुख्य म्हणून निवडली, म्हणजे लेव्हल आपण म्हणू तेव्हाच वाढेल. १९९९ च्या फायनल फँटसी ८ मध्येही शत्रू तुमच्या सरासरी लेव्हलवर चालतात. तिथे शत्रूचं खेळायच्या पत्त्यात रूपांतर केलं की एक्सपी मिळत नाहीत, पण शक्ती शिकण्याचे गुण मिळतात, त्यामुळे लेव्हल खाली ठेवून गेम सोपा करता येतो. लेव्हल चुकवणं फायद्याचं ठरलं की मांडणी फसली, असं खुशाल समजावं.

बाइटचा हिशेब

काही मर्यादा यंत्राच्या असतात. १६ बिटांत मावणारी सर्वात मोठी संख्या ६५,५३५. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये कमाल लेव्हल ३० आहे आणि तिला बरोबर ६५,५३५ एक्सपी लागतात. डायब्लो २ मध्ये लेव्हल ९९ ला ३,५२,०४,८५,२५४ लागतात. ३२ बिटांच्या खात्यात, म्हणजे संख्या साठवायच्या जागेत, उणे संख्यांनाही जागा ठेवली तर २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाता येत नाही. फक्त धन संख्या ठेवल्या तर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जागा असते, आणि तेवढ्यात हा आकडा बसतो. शिवाय तिथे वरच्या लेव्हलना मिळणारे एक्सपी कापले जातात. ९८ वरच्या पात्राला एक टक्क्याहूनही कमी हाती लागतं, म्हणजे तक्त्यातल्या आकड्याच्या शंभरपटीहून जास्त मारामारी.

खात्याची खालची बाजू विसरली तर काय होतं, ते पहिल्या पिढीच्या पोकेमॉनमध्ये दिसतं. तिथल्या एका गटाचं सूत्र असं: लेव्हलच्या घनाची १.२ पट, वजा वर्गाची १५ पट, अधिक लेव्हलची १०० पट, वजा १४०. लेव्हल १ घालून पाहा: १.२ वजा १५ अधिक १०० वजा १४०, म्हणजे उणे ५३.८. गेमने ते उणे ५४ धरलं. पण एक्सपी साठवायला तीन बाइट होते आणि त्यांत उण्याची सोयच नव्हती. शून्याच्या खाली गेलेली संख्या उलटी फिरून १,६७,७७,१६२ झाली. नेहमीच्या खेळात लेव्हल १ चा पोकेमॉन मिळत नसे, म्हणून चूक झाकून राहिली. गडबड करून तो मिळवणाऱ्यांनी त्याला एका लढाईत ५४ हून कमी एक्सपी दिले, की हिशेब शून्याच्या वर येत नसे आणि पोकेमॉन एका उडीत लेव्हल १०० होत असे. सूत्र कोणतंही असो, ते लेव्हल १ वर आणि कॅपवर हाताने तपासून घ्यायचं, ते यासाठी.

कॅप वाढवत नेणाऱ्या गेमचं दुखणं निराळं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये ६० वर सुरू झाला. २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, असं करत २०१८ मध्ये १२०. प्रत्येक नव्या भागाला नवी लेव्हल हवी, पण १२० लेव्हलना पुरतील एवढ्या नव्या शक्ती आणायच्या कुठून? बऱ्याच लेव्हल नुसत्याच आकडा वाढवून जायच्या. २०२० मध्ये सगळं आकसून १२० ची ५० केली आणि नवा कॅप पुन्हा ६० ठेवला. २०२४ मध्ये तो ८० वर पोचला.

उलट बाल्डर्स गेट ३ ने २०२३ मध्ये कॅप १२ वरच ठेवला, जरी त्याच्या मूळ नियमांत, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये, २० लेव्हल आहेत. १३ व्या लेव्हलला जादूगाराला सातव्या दर्जाचे मंत्र मिळतात: क्षणात दूरच्या ठिकाणी जाणं, दुसऱ्या विश्वात उतरणं, स्वतःची प्रतिकृती घडवणं. समोर बसून खेळ चालवणारा माणूस यातून वेळेवर वाट काढतो. संगणकावर मात्र प्रत्येक बंद दरवाजा, प्रत्येक तुरुंग आणि प्रत्येक संवाद या मंत्रांचा विचार करून आधीच लिहून ठेवावा लागतो.

कॅप गाठल्यावर खेळाडूला गुंतवून ठेवायचे दोन मार्ग रूढ झालेत. स्कायरिममध्ये सगळी १८ कौशल्यं १०० झाली की लेव्हल ८१ वर थांबत असे. २०१३ च्या सुधारणेपासून १०० झालेलं कौशल्य पुन्हा १५ वर आणता येतं, त्यातले पॉइंट परत मिळतात आणि लेव्हल पुढे चालू राहते. डायब्लो ३ ने २०१२ मध्ये कमाल लेव्हलच्या वर पॅरागॉनच्या १०० पायऱ्या जोडल्या आणि २०१४ मध्ये ती मर्यादाही काढली. पण आठशे पॅरागॉनपर्यंत हल्ला, बचाव वगैरे सगळे रकाने भरून जातात. त्यापुढचा पॉइंट मुख्य गुणात टाकला तर ५ ची भर पडते, आणि तो गुण आधीच १०,००० असलेल्या पात्राला ही भर म्हणजे दोन हजारांत एक.