महाविद्यालयीन फुटबॉलची प्रेक्षकसंख्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठांच्या संघांमध्ये होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांना मैदानावर हजर राहणाऱ्या लोकांची संख्या आणि तिच्यात काळानुसार होत गेलेले बदल, हा या नोंदीचा विषय आहे. आपल्याकडचा फुटबॉल तिकडे सॉकर म्हणून ओळखला जातो. तेथील फुटबॉल लंबगोल चेंडू हातात घेऊन मुसंडी मारत खेळायचा खेळ आहे. ‘महाविद्यालयीन’ म्हटल्यावर आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची तुरळक गर्दी डोळ्यांसमोर आणू नये. लाखाहून अधिक आसनांची आठ स्टेडियम तेथे विद्यापीठांच्या संघांची आहेत, तर व्यावसायिक संघांच्या एकाही स्टेडियमची नेहमीची आसनक्षमता लाखापर्यंत पोचत नाही.

या खेळाचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, तेव्हा जेमतेम शंभर माणसे पाहायला होती. पुढच्या साठ वर्षांत चित्र पालटले. हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ मध्ये आणि येल विद्यापीठाचे प्रचंड वाडग्यासारखे स्टेडियम १९१४ मध्ये उभे राहिले. १९२७ मध्ये अ‍ॅन आर्बर येथे मिशिगन विद्यापीठाने ७२ हजार आसनांचे स्टेडियम बांधले. ते बरेचसे जमिनीत खोदलेले असल्याने बाहेरून फारसे उंच वाटत नाही. दारातून आत पाऊल टाकल्यावर मात्र पायऱ्यांचा अख्खा डोंगर खाली उतरत गेलेला दिसतो. बहुतेकांना बसायला खुर्ची नसते, लांबच लांब बाक असतो आणि त्यावर क्रमांक घातलेली वीतभर जागा आपली. आज त्याची क्षमता १,०७,६०१ आहे. शेवटचा तो एक आकडा फ्रिट्झ क्रिसलर या जुन्या प्रशिक्षकाच्या सन्मानार्थ राखलेल्या आसनाचा आहे, असे सांगितले जाते. नोव्हेंबर १९७५ पासून, महासाथीचे २०२० हे वर्ष वगळता, येथील प्रत्येक सामन्याची नोंद लाखाच्या वर आहे. ७ सप्टेंबर २०१३ रोजी ती १,१५,१०९ झाली.

दूरचित्रवाणी आल्यावर घरबसल्या सामना दिसला तर मैदानाकडे कोण फिरकणार, ही भीती विद्यापीठांना वाटू लागली. म्हणून राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, १९५० च्या दशकाच्या आरंभापासून प्रक्षेपणांवर कडक मर्यादा घातल्या. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडीत काढली. त्यानंतर छोट्या पडद्यावर सामन्यांचा पूर आला, तरी गर्दी लगेच ओसरली नाही. एनसीएएच्या सर्वोच्च विभागाची, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीतील संघांची, दर सामन्यामागील सरासरी वाढत जाऊन २००८ मध्ये सुमारे ४७ हजारांवर पोचली. उतरण लागली ती त्यानंतर. २०१७ मध्ये सरासरी ४२,२०३ झाली आणि २०१८ मध्ये ती ४१,८५६, म्हणजे १९९६ नंतरची नीचांकी, होती.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवलीच पाहिजे. जाहीर होणारी संख्या बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते, आत येऊन बसलेल्या माणसांची नव्हे. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये अनेक विद्यापीठांच्या प्रवेशद्वारांवरील नोंदी मिळवून तपासल्या, तेव्हा प्रत्यक्ष स्कॅन झालेली तिकिटे जाहीर संख्येच्या सरासरी ७१ टक्केच निघाली. म्हणजे मूळ घसरण किती, हे जाहीर आकड्यांवरून पुरते कळत नाही. त्यातच सर्वोच्च विभागात टिकण्यासाठी दोन वर्षांत सरासरी १५ हजार प्रेक्षकांची अट होती आणि तीत विकलेली तिकिटेही धरली जात. ही अट २०२३ मध्ये रद्द झाली.

घसरणीची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. सामना साडेतीन तासांच्या आसपास चालतो आणि जाहिरातींसाठी खेळ वारंवार थांबतो. घरी त्या वेळात दुसरा सामना लावता येतो, मैदानावर नुसते बसून राहावे लागते. सामन्याची वेळ वाहिन्या ठरवतात, तीही पुष्कळदा बारा किंवा सहाच दिवस आधी, त्यामुळे लांबून मोटारीने येणाऱ्या कुटुंबाला बेत आखणे अवघड जाते. चांगली जागा मिळवण्यासाठी विद्यापीठाला द्याव्या लागणाऱ्या देणगीवरील करसवलत २०१७ च्या करकायद्याने गेली. मोठ्या विद्यापीठांची स्टेडियम दुबळ्या संघांशी होणाऱ्या एकतर्फी सामन्यांत सर्वांत आधी रिकामी पडतात.

सर्वांत चिंतेची बाब विद्यार्थ्यांच्या कोपऱ्याची आहे, कारण आजचा विद्यार्थी हाच उद्याचा अख्ख्या हंगामाचे तिकीट घेणारा माजी विद्यार्थी असतो. अलाबामा विद्यापीठात संघ जिंकत असतानाही विद्यार्थी मध्येच उठून जात, याबद्दल प्रशिक्षक निक सेबन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१९ मध्ये विद्यापीठाने मोबाइल अ‍ॅप काढले: सामन्याला आल्याबद्दल १०० गुण, चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रापर्यंत थांबल्यास आणखी २५०, आणि गुणांनुसार मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. विद्यार्थी स्टेडियममध्ये आहे की नाही हे फोनवरून ताडले जात असल्याने खासगीपणाचा प्रश्न उठला, तो रास्तच होता.

इतर उपायांत त्याच वर्षी आग्नेय परिषदेने, म्हणजे अलाबामासारख्या विद्यापीठांच्या साखळीने, सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी मद्यविक्रीला दिलेली मुभा आणि २०२३ पासून खेळाचे घड्याळ कमी वेळा थांबवण्याचा नियम यांचा समावेश होतो. नेब्रास्का विद्यापीठात मात्र १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटे संपत आल्याची नोंद आहे. उलट शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सुमारे ४७ हजार आसनांचे जुने स्टेडियम पाडून त्या जागी ३५ हजारांचेच नवे बांधायला घेतले.