सतलजची वाळू आणि नाथपा-झाकडीची वीज

जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलातली सतलज दुथडी भरून वाहते. वरून वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं, त्यात पावसाची भर पडते. जलविद्युत केंद्राला याहून चांगले दिवस कुठले? तरीही नेमक्या याच दिवसांत नाथपा-झाकडी हे 1500 मेगावॉटचं केंद्र अधूनमधून पूर्ण बंद ठेवावं लागतं. पाणी भरपूर असतं, पण त्यात वाळू इतकी असते की टर्बाइन चालवणं परवडत नाही. डोंगराळ भागात वाहत्या पाण्यावर वीज कशी तयार होते हे समजून घ्यायचं तर उंचीच्या आधी या वाळूकडे बघायला हवं.

कोयना आपल्या ओळखीची. शिवसागरात शंभर टीएमसीच्या आसपास पाणी साठतं आणि ते वर्षभर पुरवून वापरता येतं. नाथप्याला ती सोय नाही. किन्नौर जिल्ह्यात नाथपा इथे साडेबासष्ट मीटर उंचीचं काँक्रीटचं धरण आहे खरं, पण त्यामागे केंद्राला काही तास पुरेल एवढंच पाणी राहतं. नदी देईल ते तिथल्या तिथे वापरायचं. उंची मिळते ती नदीच्या स्वतःच्या उतारातून. धरणाजवळ पाणी बोगद्यात वळवलं जातं. हा बोगदा 27.4 किलोमीटर लांबीचा, अगदी मंद उताराचा. शेजारच्या दरीत नदी मात्र झपाट्याने खाली उतरत जाते. शिमला जिल्ह्यातल्या झाकडीला पोचेपर्यंत बोगद्यातलं पाणी आणि नदी यांच्या पातळीत सुमारे 428 मीटरचा फरक पडतो. तिथून ते पाणी पोलादी नळांतून भूमिगत विद्युतगृहात सोडतात.

हिशेब साधा आहे. टर्बाइनना सेकंदाला 405 घनमीटर पाणी लागतं, म्हणजे पावसाळ्यातल्या बातम्यांच्या भाषेत सुमारे 14,300 क्युसेक. त्याला उंचीने आणि गुरुत्वाच्या 9.81 या आकड्याने गुणलं की सुमारे 17 लाख किलोवॉट येतात. टर्बाइन आणि जनित्रांतली घट वजा केली की 250 मेगावॉटच्या सहा संचांचे 1500 मेगावॉट उरतात. अर्थात ही पूर्ण क्षमता. हिवाळ्यात वरचं पाणी गोठतं, नदी आटते आणि मोजकेच संच चालतात. त्यामुळे वर्षाचं संकल्पित उत्पादन 6612 दशलक्ष युनिट धरलेलं आहे, म्हणजे सगळे संच बारा महिने चालले असते तर जितकी वीज मिळाली असती तिच्या निम्मं.

बोगदा खोदणं हे वेगळंच दिव्य होतं. खडकातून एका ठिकाणी कढत पाण्याचे झरे फुटले होते. आणि पाणी आत घेतल्यावरही तो शांत नसतो. दहा मीटर व्यासाच्या या बोगद्यात सुमारे 22 लाख टन पाणी सेकंदाला पाच मीटर वेगाने धावत असतं. ग्रिडमध्ये बिघाड होऊन टर्बाइन एकाएकी बंद झाले तर एवढ्या वस्तुमानाचा धक्का थेट नळांना बसेल. म्हणून बोगद्याच्या शेवटी 301 मीटर खोल उभी विहीर आहे. पाणी तिच्यात उसळतं, खालीवर होतं आणि हळूहळू स्थिरावतं.

आता वाळू. सतलजला मिळणारी स्पिती हिमालयामागच्या कोरड्या, उघड्या डोंगरांतून येते. तिथे माती धरून ठेवायला झाडं जवळजवळ नाहीत. पाण्याबरोबर येणाऱ्या कणांत क्वार्ट्झचं प्रमाण मोठं, आणि क्वार्ट्झ टर्बाइनच्या पोलादाहून कठीण. साधारणपणे झीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाला तर झीज आठपट. एवढ्या उंचीवरून आलेलं वाळूमिश्रित पाणी पात्यांवरून काचकागदासारखं घासत जातं.

म्हणून बोगद्यात शिरण्याआधी पाणी चार भूमिगत दालनांतून नेतात. प्रत्येक दालन 525 मीटर लांब, 16 मीटर रुंद आणि साडेसत्तावीस मीटर खोल. पाण्याचा वेग इथे मुद्दाम सेकंदाला फुटाच्या आसपास आणलेला असतो, म्हणजे ते दालन ओलांडायला अर्धा तास लागतो. 0.2 मिलिमीटरचा वाळूचा कण शांत पाण्यात सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर खाली जातो. पृष्ठभागावरून निघालेला कणही वीस-पंचवीस मिनिटांत तळाला लागतो, आणि तळाच्या मार्गिकेतून पुन्हा नदीत ढकलला जातो. दालनाची लांबी ठरते ती या एका कणाच्या पडण्याच्या वेगावरून. ही रचना मला संपूर्ण प्रकल्पातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते.

पण 0.2 मिलिमीटरहून बारीक कण निसटतात. पात्यांवर टंग्स्टन कार्बाइडचा थर फवारतात, हिवाळ्यात संच उघडून दुरुस्त करतात. गाळाचं प्रमाण दर दहा लाख भागांत 5000 भागांच्या वर गेलं की केंद्र थांबवतात. त्या मर्यादेवरही 405 घनमीटर पाण्याबरोबर सेकंदाला दोन टन गाळ येत असतो! 26 जून 2005 रोजी स्पितीला मिळणाऱ्या पारेछू नदीवर तिबेटमध्ये दरड कोसळून तयार झालेला तलाव फुटला, तेव्हा आलेल्या पुराची तर गोष्टच वेगळी.

अशा प्रकल्पांना ‘वाहत्या पाण्यावरचे’ म्हणून निरुपद्रवी ठरवलं जातं, ते मला पटत नाही. मोठा जलाशय नसल्याने गावं बुडत नाहीत, हे खरं. पण नाथपा ते झाकडी या पट्ट्यात नदीचं बरंचसं पाणी वर्षाचा मोठा भाग डोंगराच्या आतून जातं. हिमाचलच्या धोरणात धरणाखाली किमान 15 टक्के पाणी सोडायचं बंधन आहे, तेही कोरड्या हंगामातल्या किमान प्रवाहाच्या. मासे, काठावरची झाडं यांच्यासाठी हे फार तुटपुंजं आहे. किन्नौरमधले लोक बोगद्यांमुळे झरे आटल्याची आणि उतार खचल्याची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. 2021 मध्ये तिथल्या तरुणांनी नव्या प्रकल्पांविरुद्ध ‘नो मीन्स नो’ ही मोहीम उभी केली. नव्या केंद्राचा आराखडा करताना झऱ्यांची नोंद बोगदा खोदण्याआधीच व्हायला हवी, नाहीतर नंतर कुणाचं म्हणणं खरं हे ठरवायला आधारच राहत नाही.

झाकडीचं अवजल, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी, नदीत सोडण्याआधी पुन्हा पंधरा किलोमीटरच्या बोगद्यात घालून 2014 मध्ये 412 मेगावॉटचं रामपूर केंद्र सुरू झालं. त्याला वेगळं धरण किंवा वाळू गाळायची दालनं लागली नाहीत, कारण पाणी वळवण्याचं आणि वाळू गाळण्याचं काम नाथप्यालाच उरकलेलं असतं. साहजिकच गाळामुळे झाकडी थांबलं की रामपूरही थांबतं, आणि उत्तरेच्या ग्रिडला एकदम 1912 मेगावॉटची तजवीज दुसरीकडून करावी लागते.