पिंपात मुरवलेल्या तीव्र बिअरचा आस्वाद

बर्बन (मुख्यतः मक्यापासूनची अमेरिकी व्हिस्की), रम, ब्रँडी यांसारखे ऊर्ध्वपातित मद्य मुरवून रिकाम्या झालेल्या ओकच्या पिंपांत काही महिने ते वर्षभर ठेवलेली, साधारणपणे १० ते १५ टक्के मद्यार्काची बिअर गंध, चव आणि दाटपणा यांकडे लक्ष देत थोड्या प्रमाणात पिण्याची पद्धत. यासाठी मुख्यतः इम्पिरिअल स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी, कडक बिअर) आणि बार्लीवाइन (गडद, गोडसर कडक बिअर) या भरपूर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, वापरून केलेल्या बिअर निवडतात. लागर या नेहमीच्या हलक्या, फिकट बिअरची चव लाकडाखाली दबून जाते. सोलापूरसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या शहरात या आस्वादाचे यश प्रामुख्याने तापमान सांभाळण्यावर अवलंबून असते.

अमेरिकी कायद्यानुसार बर्बन आतून जाळून काढलेल्या कोऱ्या ओकच्या भांड्यांतच मुरवावी लागत असल्याने, एकदा वापरलेले सुमारे २०० लिटरचे पिंप बर्बनच्या कामाचे राहत नाही आणि ते स्कॉच, रम किंवा बिअर बनवणाऱ्यांकडे जाते. शिकागोच्या गूस आयलंड या मद्यनिर्मितिशाळेने १९९०च्या दशकात जिम बीम या बर्बनच्या रिकाम्या पिंपांत इम्पिरिअल स्टाउट मुरवली. ‘बर्बन काउंटी’ या नावाची ती बिअर पुढे या प्रकाराचा नमुना मानली गेली.

पिंपाच्या फळ्यांत मुरलेले मूळ मद्य पहिल्या काही आठवड्यांतच बिअरमध्ये उतरते आणि तिची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढवू शकते. लाकडाला कणखरपणा देणाऱ्या लिग्निन या द्रव्याच्या विघटनातून व्हॅनिलाचा, लॅक्टोन या संयुगांतून ओल्या खोबऱ्याचा आणि भाजल्या गेलेल्या शर्करांतून कॅरॅमलचा गंध येतो, तर टॅनिन या तुरट द्रव्यामुळे डाळिंबाच्या सालीसारखा तुरटपणा येतो. फळ्यांतून झिरपणाऱ्या प्राणवायूचा परिणाम दिसायला मात्र महिने लागतात. तो बेताचा झाला तर बेदाणा आणि खारकेच्या छटा उमटतात, अति झाला तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. ही मुरवणी बहुधा थंड जागेत होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा वारंवार ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापुरात, वातानुकूलित जागेशिवाय पिंप ठेवल्यास बिअर आंबट होण्याचा धोका फार मोठा असतो.

त्यामुळे सोलापुरात ही बिअर बाटलीतूनच, आणि बहुधा परदेशाहून येणाऱ्या मुलाबाळांच्या वा नातेवाइकांच्या सामानातून पोहोचते. प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही जागीच बिअर बनवून देणारी छोटी मद्यनिर्मितिशाळा सुरू झाल्यापासून स्थानिक क्राफ्ट (छोट्या प्रमाणात बनवलेल्या) बिअरची चव महाराष्ट्राला लागली असली, तरी तेथील भर ताज्या, लवकर संपवायच्या बिअरवर राहिला आहे. बिअर शॉपीत मिळणारी ‘स्ट्राँग’ ८ टक्क्यांच्या आसपास थांबते. तिच्या सवयीने १३ टक्क्यांची ५०० मिलिलिटरची बाटली एकट्याने संपवणे म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलिलिटरचे पाच पेग घेण्यासारखेच आहे, आणि हा हिशोब बाटली उघडण्यापूर्वी केलेला बरा. चार-पाच जणांत एक बाटली, प्रत्येकी सुमारे १०० मिलिलिटर, हे प्रमाण रास्त होय.

बिअर म्हटली की बर्फासारखी गार, ही सोलापूरच्या उन्हाळ्याने लावलेली सवय येथे आड येते. ४-५ अंशांवर व्हॅनिला आणि फळांचे गंध दबून राहतात, केवळ करपट कडवटपणा व गोडी जाणवते. सुमारे १२ ते १५ अंशांवर गंध मोकळे होतात. युरोपात फ्रिजमधून काढलेली बाटली निवांत बाहेर ठेवून देतात. सोलापुरात एप्रिलच्या संध्याकाळी तसे केल्यास पेल्यातील बिअर थोड्याच वेळात २० अंशांपलीकडे जाते आणि मद्यार्काचा उग्र वास इतर सारे झाकून टाकतो. म्हणून येथे बाटली गारच उघडावी, निम्माच पेला भरावा, बाकीची बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी आणि पेला तापत जाताना दर काही मिनिटांनी एकेक घोट घ्यावा. चव कशी उलगडत जाते हे या पद्धतीत उलट अधिक स्पष्ट कळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र इतकी धावपळ करावी लागत नाही.

तोंड आत वळलेला काचेचा पेला घ्यावा. फेस तपकिरी, पातळ आणि अल्पजीवी असतो. मद्यार्क जास्त असल्याने तो टिकत नाही, तो दोष नव्हे. नाक पेल्यात खुपसल्यास झिणझिण्या येतात, म्हणून कडेपासून दोन बोटे दूर धरून हुंगावे. आधी मद्य व व्हॅनिला, मग कॉफी आणि कोको, आणि पेला कोमट होऊ लागल्यावर काळा गूळ, खजूर, बेदाणा असा क्रम बहुधा लागतो. घोट जिभेवर घोळवल्यावर काकवीचा दाटपणा जाणवतो. गिळल्यानंतर घशात ऊब राहावी, जळजळ नव्हे. जळजळच उरत असेल तर पिंपाने बिअरवर मात केली आहे असे समजावे, मग लेबल कितीही नामांकित असो.

सोबतच्या खाण्यात सोलापूरची शेंगाचटणी सर्वप्रथम आठवते, पण आस्वाद घेताना ती दूरच ठेवावी: लसूण आणि तिखट यांमुळे जीभ बधिर होते व मद्यार्काचा दाह वाढतो. झणझणीत मटणालाही हेच लागू पडते. दोन घोटांमध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी ज्वारीच्या कडक भाकरीचा कोरडा तुकडा आणि साधे पाणी यांहून चांगले काही नाही. शेंगापोळी मात्र स्टाउटशी उत्तम जुळते, कारण भाजलेला दाणा आणि गूळ हे दोन्ही स्वाद पेल्यात आधीच असतात.

व्हिनेगरचा आंबट वास, नेलपॉलिशसारखा तीव्र दर्प किंवा सोया सॉसची खारट छटा हे बिघाडाचे संकेत होत. उन्हाळ्यात मोटारीत किंवा गच्चीखालच्या कपाटात राहिलेल्या बाटलीत पुठ्ठ्याचा वास लवकर येतो. बाटली उभी, अंधारात आणि शक्यतो फ्रिजच्या सर्वांत कमी गार कप्प्यात ठेवावी. उघडलेली बाटली त्याच बैठकीत वाटून संपवावी, कारण दुसऱ्या दिवशी तिच्यातील वायू उडून गेलेला असतो आणि उरते ती नुसती गोडी.