अथेन्सची अठरा वर्षांची पोरं आणि त्यांच्या नावाचे दगड

प्राचीन अथेन्समधे मुलगा अठराचा झाला की त्याला आधी गावासमोर उभं राहावं लागायचं. जन्मदाखला नावाचा प्रकार नव्हता, त्यामुळे पोरगं खरंच अठराचं आहे की बापाने घाई केलीय हे ठरवायचं कसं, तर गावकऱ्यांनी शपथ घेऊन मतदान करायचं. गाव म्हणजे तिथला डीम, शहरातल्या वस्त्या आणि खेडी मिळून असे १३९ डीम होते आणि प्रत्येक डीमकडे आपलं आपलं नागरिकांचं रजिस्टर. प्रश्न दोनच, वय झालंय का आणि हा स्वतंत्र माणसाचा, कायदेशीर लग्नातून झालेला मुलगा आहे का. दुसऱ्या प्रश्नावर गाव नाही म्हणालं तर मुलगा कोर्टात जाऊ शकत होता, पण तिथे हरला तर शहर त्याला गुलाम म्हणून विकून टाकायचं. म्हणजे अपील करायच्या आधी दहादा विचार करावा असा मामला. आणि गावाने वय कमी असूनही एखाद्याला घुसवला असं वरच्या कौन्सिलला वाटलं तर दंड गावकऱ्यांना!

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे याचं कारण एक भारी योगायोग आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेलं अथेन्सच्या राज्यकारभारावरचं पुस्तक शेकडो वर्षं हरवलेलं होतं, ते इजिप्तमधून आलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर सापडलं, आणि ब्रिटिश म्युझियमने १८९१ साली छापलं. गंमत अशी की ते लिहिलेलं होतं शेतीच्या हिशोबाच्या मागच्या कोऱ्या बाजूला. इसवी सन ७८-७९ च्या सुमाराचा कुठल्याशा जमिनीचा जमाखर्च पुढे आणि अथेन्सची राज्यघटना मागे. त्यातल्या बेचाळिसाव्या प्रकरणात या पोरांचं ट्रेनिंग आहे. या पोरांना म्हणायचे एफेबोस, म्हणजे तारुण्याच्या उंबरठ्यावरचा, मी इथून पुढे सरळ एफेब म्हणतो. आजच्या ग्रीकमधे टीनेजरला हाच शब्द आहे, फक्त उच्चार एफिवोस.

तर नाव लागलं की दोन वर्षं ट्रेनिंग. अथेन्सचे नागरिक १० कुळांमधे वाटलेले होते (हे राजकीय गट, रक्ताची नाती नाहीत), प्रत्येक कुळातल्या पोरांच्या बापांनी एकत्र बसून चाळीशी ओलांडलेली तीन चांगली माणसं निवडायची आणि त्या तिघांतला एक नागरिकांची सभा मतदानाने पक्का करणार. त्याचं पद सोफ्रोनिस्तेस. शब्दाचा अर्थ बघा, 'ताळ्यावर ठेवणारा'. अठरा वर्षांच्या पोरांवरच्या अधिकाऱ्याला यापेक्षा चपखल नाव मला तरी सुचत नाही. या दहांच्या वर सगळ्यांचा मिळून एक कोस्मेतेस, म्हणजे व्यवस्था लावणारा, कॉस्मॉस आणि कॉस्मेटिक हे दोन्ही शब्द याच मुळातून आलेत.

पहिलं वर्ष पिरेयस बंदरात. आधी सगळ्या बॅचने शहरातल्या देवळांची फेरी मारायची आणि मग बंदराच्या दोन टेकड्यांवर, मुनिखिया आणि आक्ते, पहारा. शिकवायला व्यायामाचे दोन उस्ताद, शिवाय भाला-ढालीची लढाई, धनुष्यबाण, फेकायचा भाला आणि कॅटापल्ट यांचे मास्तर. कॅटापल्ट म्हणजे दगड किंवा जाड बाण फेकणारं यंत्र, त्या काळात ही लेटेस्ट टेक्नॉलॉजी होती, आणि ती अभ्यासक्रमात आहे म्हणजे कुणीतरी काळाकडे बघून सिलॅबस बनवलेला होता. रोजचा भत्ता ४ ओबोल, सोफ्रोनिस्तेसला १ द्राख्मा म्हणजे ६ ओबोल. पण पोरांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत! सोफ्रोनिस्तेस आपल्या कुळाचे सगळे पैसे घेणार, बाजार आणणार आणि सगळे एकत्र जेवणार. मेसच म्हणा ना.

वर्ष संपलं की थिएटरमधे सगळ्या शहरासमोर कवायत, आणि ती झाल्यावर शहराकडून एक ढाल आणि एक भाला. दुसरं वर्ष सीमेवरचे किल्ले आणि डोंगरातल्या पायवाटांवर गस्त. अंगावर खलामिस नावाचा आखूड झगा, कर माफ, आणि कोर्टकचेरीही माफ, कुणावर केस करायची नाही आणि कुणी यांच्यावर करायची नाही, अपवाद फक्त वारसाहक्क, वारसदार मुलीचं लग्न आणि घराण्याकडे चालत आलेलं पुरोहितपण. अथेन्सच्या लोकांना कोर्टात जायचा केवढा नाद होता हे माहीत असेल तर ही सूट किती मोठी ते कळेल.

आता ही ढाल-भाल्याची भानगड जरा समजून घेऊया कारण एफेब जी शपथ घ्यायचे तिचा अर्थ त्यावरच आहे. ग्रीक पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत लढायचं. ढाल गोल, जवळपास ९० सेंटिमीटर रुंद, वजन साधारण ७ किलो, डाव्या हातावर चढवलेली. ती तुमची डावी बाजू झाकते आणि तुमच्या डावीकडच्या माणसाची उघडी पडलेली उजवी बाजूसुद्धा. म्हणजे तुम्ही घाबरून पळालात तर आधी मरणार तो शेजारचा. रांग टिकते ती एकट्यादुकट्याच्या शौर्यावर नाही, कुणीच हललं नाही यावर टिकते.

आणि शपथेत नेमकं हेच आहे. अखार्नाय नावाच्या डीममधे १९३२ साली एक शिळा सापडली, एरिस या युद्धदेवाच्या एका पुजाऱ्याने अर्पण केलेली, त्यावर ही शपथ शब्दशः कोरलेली आहे. मी या पवित्र शस्त्रांना कमीपणा आणणार नाही, रांगेत जिथे असेन तिथे माझ्या शेजारच्याला सोडणार नाही, देश मला मिळाला त्याहून लहान करून नाही तर मोठा आणि चांगला करून पुढच्यांच्या हाती देईन, जे शहाणपणाने राज्य करतात त्यांचं ऐकेन. शेवटच्या वाक्यातली अट बघितली का, 'शहाणपणाने'. सरसकट सगळ्यांचं ऐकेन असं नाही म्हटलंय. साक्षीला देव आहेतच, आग्लाउरोस, हेस्तिया, एरिस, झ्यूस, हेराक्लिस वगैरे, पण यादीच्या शेवटी येतात देशाच्या सीमा, गहू, सातू, द्राक्षवेली, ऑलिव्ह आणि अंजीर. मला ही यादी फार आवडते. देश म्हणजे काय तर जे शेतात उगवतं ते, आणि शत्रू आला की पहिल्यांदा तेच जाळतो हे त्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

एवढी शिस्तशीर यंत्रणा आली कुठून? तरुणांनी सीमेवर गस्त घालायची पद्धत जुनी असावी, ऐस्खिनेस नावाचा वक्ता इसवी सन पूर्व ३७० च्या आसपास दोन वर्षं गस्तीवर होता असं तो स्वतःच सांगतो. पण आपल्याला दिसते ती पक्की, सरकारी पगाराची सिस्टिम उभी राहिली एका मोठ्या फटक्यानंतर. इ.स.पू. ३३८ मधे खैरोनिया इथे उत्तरेकडच्या मॅसेडॉनचा राजा फिलिप याने अथेन्सला लोळवलं, १,००० अथेनियन मेले, २,००० कैद झाले. त्यानंतर दोनचार वर्षांत एपिक्रातेस नावाच्या एका गडगंज माणसाने एफेबांचा कायदा आणला असं मानतात, त्याबद्दल त्याचा ब्राँझचा पुतळाही उभारला गेला.

खर्चाचा हिशोब करून बघूया. त्या काळी वर्षाला साधारण ५०० पोरं असावीत असा दगडांवरची नावं मोजून काढलेला अंदाज आहे. ५०० गुणिले ४ ओबोल गुणिले ३६५ म्हणजे एका बॅचचे वर्षाला १,२१,००० द्राख्माच्या वर, म्हणजे २० टॅलेंट (१ टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा). दोन्ही वर्षं भत्ता धरला तर एका वेळी दोन बॅच, ४० टॅलेंट. तेव्हा शहराचं वार्षिक उत्पन्न १,२०० टॅलेंटपर्यंत गेलं होतं असं सांगतात, म्हणजे तीनचार टक्के फक्त पोरांच्या जेवणावर. हरलेल्या शहराने एवढा पैसा यात घातला ही साधी गोष्ट नाही.

नावं मोजून म्हटलं, ती नावं कुठून आली? इथेच खरा मुद्दा आहे. ट्रेनिंग नीट पार पडलं की शहर, कुळ, डीम हे सगळे या पोरांचा सत्कार करायचे आणि तो सत्कार दगडावर कोरायचे. सगळ्यात जुन्यांपैकी एक शिळा केक्रोपिस कुळाच्या पोरांची आहे, भरती इ.स.पू. ३३४-३३ ची. तिच्यावर एक नाही, चार वेगवेगळे ठराव आहेत, कुळाचा, कौन्सिलचा, एलेउसिस डीमचा (कारण ही पोरं तिथे पहाऱ्याला होती) आणि सोफ्रोनिस्तेस ज्या डीमचा होता त्या आथ्मोनोन डीमचा. त्यात ५०० द्राख्माचा सोन्याचा मुकुट आहे. ५०० द्राख्मा म्हणजे ३,००० ओबोल, भागिले ४, म्हणजे ७५० दिवस. एका पोराचा दोन वर्षांचा अख्खा भत्ता आणि वर वीसेक दिवस!

पण मुकुट कशाबद्दल? शौर्याबद्दल नाही. शिस्तीत राहिले, कायद्याने सांगितलेलं सगळं केलं आणि सोफ्रोनिस्तेसचं ऐकलं, बस. ढालींच्या रांगेचं गणित आठवा म्हणजे यात नवल वाटणार नाही.

शिवाय प्रत्येक बॅचची नावं कौन्सिलच्या इमारतीसमोर ब्राँझच्या पत्र्यावर लागायची, आणि प्रत्येक वर्षाच्या बॅचला एका वीरपुरुषाचं नाव दिलेलं असायचं. असे ४२ वीर, कारण १८ ते ५९ या वयापर्यंत लष्करी सेवेला बोलावणं येऊ शकत होतं. 'अमक्या वीरापासून तमक्या वीरापर्यंतच्या बॅच हजर व्हा' असं जाहीर केलं की काम झालं. साठीला पोचलेली बॅच एक वर्ष तंटे सोडवणारे पंच म्हणून बसायची आणि सेवेतून मोकळी व्हायची, आणि त्यांच्या वीराचं नाव नव्या पोरांना मिळायचं. इतकी साधी, इतकी बिनचूक सिस्टिम मी क्वचितच पाहिलीय.

एका बॅचमधे दोन पोरं एकत्र होती, एपिक्युरस आणि मेनान्दर. पहिला पुढे तत्त्वज्ञ झाला आणि राजकारणापासून लांब राहा म्हणून सांगत बसला, दुसरा विनोदी नाटकांचा बादशहा. गस्तीवर काय गप्पा मारत असतील देव जाणे.

मग मॅसेडॉनचा पगडा बसला आणि इ.स.पू. ३०० च्या आसपास ट्रेनिंग एका वर्षाचं आणि ऐच्छिक झालं. भत्ता गेल्यावर गरीब घरची पोरं गळली, तिसऱ्या शतकातल्या शिळांवर कधी तीसेक नावं, कधी त्याहून कमी. पण गंमत अशी की पोरं कमी झाली आणि कौतुक वाढलं. पुढच्या शतकांतले ठराव वाचले तर लांबच लांब असतात, पोरांनी कुठल्या मिरवणुकीत भाग घेतला, सलामिस बेटावर होड्यांच्या शर्यतीत कसे उतरले, एलेउसिसच्या यज्ञात बैल कसे उचलून धरले (हो, उचलून, यावर बऱ्याच विद्वानांनी डोकं खाजवलंय), कोणकोणत्या तत्त्वज्ञांच्या लेक्चरला नियमित बसले. इ.स.पू. पहिल्या शतकात तर प्रत्येक बॅचने लायब्ररीला १०० पुस्तकं द्यायची असा रिवाज दिसतो, एका शिळेत युरिपिडीसची नाटकं आणि इलियडचा उल्लेख आहे. त्याआधीच, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या शेवटापासून, परदेशी मुलांनाही प्रवेश मिळाला, रोमन आणि आशियातल्या शहरांमधली श्रीमंत घरची पोरं, आणि संख्या पुन्हा शंभरीच्या पुढे. ज्या यादीत शिरताना चुकून गुलाम व्हायची भीती होती त्या यादीशेजारी आता बाहेरच्यांचीही यादी!

हे फक्त अथेन्सचं नाही. मॅसेडोनियातल्या बेरोइया गावाचा जिम्नॅशियमचा कायदा दगडावर सापडलाय, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. तिथे बक्षिसं तीन, कमावलेलं शरीर, शिस्त आणि मेहनत. शरीराचं बक्षीस द्यायला परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि त्यांनी हर्मिसची शपथ घ्यायची की वशिला चालवणार नाही. जिम्नॅशियममधे कपडे काढायला, म्हणजे व्यायामाला, बंदी कुणाला? गुलाम, मुक्त केलेले गुलाम आणि त्यांची मुलं, बाजारात धंदा करणारे, दारुडे, वेडे. बंधुभाव होता, पण दाराच्या आत.

लढाऊपणासाठी प्रसिद्ध असलेल्या स्पार्टाचं काय असं विचारणार, ते थोडक्यात. तिथे मुलगा सातव्या वर्षीच घराबाहेर. पण आर्टेमिस ऑर्थियाच्या देवळात पोरांना फटके मारायचा जो प्रसिद्ध विधी आहे त्याची वर्णनं बहुतेक रोमन काळातली आहेत, तेव्हा स्पार्टाचं सैन्य कधीच इतिहासजमा झालं होतं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तर तो बघायला देवळासमोर दगडी प्रेक्षागृह बांधलं. टुरिझमच. त्याच देवळात पोरांना स्पर्धांमधे मिळालेले लोखंडी विळे दगडात बसवून देवीला वाहिलेले सापडलेत, तलवारी नाहीत, विळे.

अथेन्समधे शेवटी मान पोरांपेक्षा त्यांच्या कोस्मेतेसकडे जास्त वळला. रोमन काळात त्याचा चेहरा संगमरवरात कोरून चौकोनी खांबावर बसवायचे. कुणाची दाढी तत्त्वज्ञाच्या वळणाची, कुणाची हेअरस्टाईल तेव्हाच्या सम्राटासारखी. हेरोदेस आत्तिकुस नावाच्या अब्जाधीशाने पोरांचे काळे झगे बदलून पांढरे करून दिले, मिरवणुकीत छान दिसावेत म्हणून.

इसवी सन २६७ मधे हेरुली टोळ्यांनी अथेन्स लुटलं. नंतर लोकांनी घाईघाईने शहराभोवती एक आतली तटबंदी उभी केली आणि जे हाताला लागलं ते तिच्यात रचलं, खांब, चौथरे, शिळा. १८६१ साली त्या भिंतीतून कोस्मेतेसांची तीसेक डोकी बाहेर काढली, आता ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. बऱ्याच जणांची नाकं तुटलेली.