निर्वासित आणि आश्रयार्थींचा परदेश प्रवास : मुंबईतून निघण्यापूर्वी लागणाऱ्या परवानग्या आणि कागदपत्रे

भारतात आश्रय घेऊन राहणाऱ्या माणसाला परदेशी जायचे असेल, तर त्याला तीन गोष्टी मिळवाव्या लागतात. ज्या देशात जायचे त्याचा व्हिसा सर्वांनाच ठाऊक असतो. भारतातून बाहेर पडण्याची परवानगी ही दुसरी गोष्ट, आणि पुन्हा भारतात प्रवेश मिळेल अशी लेखी सोय ही तिसरी. भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्यांना शेवटच्या दोन गोष्टींचा कधी विचारच करावा लागत नाही. म्हणूनच मुंबईत अशा कुटुंबांना मदत करणारे घरमालक, महाविद्यालयांचे परदेशी विद्यार्थी कक्ष आणि नवखे वकील यांचेही सगळे लक्ष व्हिसावरच असते. माझे आग्रहाचे सांगणे असे की हा क्रम उलटा धरावा. परत येण्याची सोय आधी कागदावर आणावी, बाहेर पडण्याची परवानगी त्यासोबतच मागावी, आणि तिकिटाचे पैसे सर्वांत शेवटी भरावेत.

याचे कारण कायद्यात आहे. निर्वासितांच्या दर्जाविषयीचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा १९६७चा पूरक करार यांपैकी एकावरही भारताची सही नाही. त्या कराराच्या २८व्या कलमानुसार सदस्य देश आपल्याकडे कायदेशीररीत्या राहणाऱ्या निर्वासितांना प्रवासासाठी एक स्वतंत्र पुस्तिका देतात, आणि ती देणाऱ्या देशाला मुदतीच्या आत परत आलेल्या निर्वासिताला पुन्हा प्रवेश द्यावा लागतो. अशी पुस्तिका भारत देत नाही. आपल्याकडे १ सप्टेंबर २०२५पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा कायदा लागू झाला असून १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार जुने कायदे त्यात विलीन झाले. या कायद्यातही निर्वासित असा वेगळा दर्जा नाही. जो भारतीय नागरिक नाही तो परदेशी, एवढाच भेद आहे. परदेशी माणसालाही जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६मध्ये स्पष्ट केले. मात्र भारतात वास्तव्य करण्याचा मूलभूत हक्क परदेशी माणसाला नाही, हेही त्याच न्यायालयाने १९९१मध्ये सांगितलेले आहे. म्हणजे जो येथे आहे त्याला संरक्षण मागता येते. एकदा सीमा ओलांडून गेलेल्याला परतीची मागणी हक्काने करता येत नाही.

तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया, येमेन अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांची कचेरी, म्हणजे यूएनएचसीआर, करते आणि तिचे हे काम मुख्यतः दिल्लीहून चालते. तिच्याकडून मिळणारे कार्ड हा ओळखीचा आणि संरक्षणाच्या गरजेचा पुरावा आहे, पासपोर्ट नव्हे. त्या कार्डावर कोणताही देश व्हिसा चिकटवत नाही आणि कोणतीही विमान कंपनी आंतरराष्ट्रीय विमानात बसू देत नाही. ज्याचा अर्ज मंजूर झाला तो निर्वासित, आणि ज्याचा निर्णय व्हायचा आहे तो आश्रयार्थी. प्रवासाच्या दृष्टीने आश्रयार्थीची स्थिती फारच नाजूक असते, कारण निर्णयापूर्वी देश सोडला तर त्याचा अर्ज बहुधा तेथेच संपतो. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल नावाची पूर्वपरवानगी न घेता बाहेर गेल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते; ब्रिटनमध्येही तो मागे घेतला असे धरले जाते. भारतात राहून यूएनएचसीआरच्या निर्णयाची वाट पाहणाऱ्याने अगदी घरच्या कारणासाठीही देशाबाहेर जाण्याआधी त्या कचेरीला लेखी विचारावे, हे उत्तम.

स्वदेशाचा पासपोर्ट वापरण्याबाबत

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगी बाब आहे. अनेकांकडे आपल्या देशाचा जुना पासपोर्ट असतो, त्याची मुदत संपत आलेली असते आणि भारतातील व्हिसा वाढवण्यासाठी वैध पासपोर्ट मागितला जातो. अशा वेळी साहजिकच माणूस आपल्या देशाच्या वकिलातीत जातो. परंतु १९५१च्या करारानुसार जो निर्वासित स्वेच्छेने आपल्या देशाचे संरक्षण पुन्हा स्वीकारतो त्याचा दर्जा संपुष्टात येऊ शकतो, आणि पासपोर्टचे नूतनीकरण हे अशा स्वीकाराचे लक्षण मानले जाण्याचा धोका असतो. त्याहून गंभीर म्हणजे त्या पासपोर्टवर मायदेशी जाऊन येणे. भारत करारात नसला तरी यूएनएचसीआर आणि पुढे पुनर्वसन देऊ करणारे, म्हणजे कायमचे राहायला घेणारे, देश हेच निकष लावतात. आई मरणासन्न आहे म्हणून गेलेल्या माणसालाही पुढे मुलाखतीत या प्रवासाचा खुलासा द्यावा लागतो, हे निष्ठुर वाटले तरी खरे आहे. म्हणून वकिलातीची पायरी चढण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घ्यावा, आणि नूतनीकरण केवळ भारतातील वास्तव्य नियमित करण्यासाठी होत असेल तर तसे कारण लेखी नोंदवून त्याची प्रत जपून ठेवावी.

एफआरआरओकडील अर्ज

परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे मुंबईतील कार्यालय, ज्याला सारे एफआरआरओ म्हणतात, बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या मागे, सीएसएमटी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तथापि २०१८पासून अर्ज ई-एफआरआरओ या संकेतस्थळावरच भरायचा असतो आणि बोलावणे आल्याशिवाय तेथे जाऊन उपयोग नसतो. अर्जदाराने प्रथम खाते उघडावे, मग हवी ती सेवा निवडावी. येथे राहण्याचा हक्क कायम ठेवून परत यायचे असल्यास परतीचा व्हिसा मागावा लागतो. कायमचे जायचे असेल, किंवा व्हिसाची मुदत उलटली असेल, तर एक्झिट परमिट, म्हणजे बाहेर पडण्याची परवानगी. काही वर्गांना दोन्ही लागतात. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांसाठी बहुधा पोलीस अधीक्षक कार्यालय हे नोंदणीचे ठिकाण असते आणि पत्ता भरल्यावर अर्ज संबंधित कार्यालयाकडे आपोआप वळतो.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा असेल तो प्रवास दस्तऐवज, भारतात आल्याचा शिक्का, शेवटचा व्हिसा किंवा लाँग टर्म (दीर्घ मुदतीच्या) व्हिसाचा आदेश, नोंदणी प्रमाणपत्र, यूएनएचसीआरचे कार्ड, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील छायाचित्र, जाण्याचे कारण दाखवणारे पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा यांची तयारी ठेवावी. पासपोर्ट हरवला असल्यास पोलीस ठाण्यातील तक्रारीची प्रत लागते. अर्जदारावर फौजदारी खटला चालू असेल तर न्यायालयाच्या परवानगीवाचून पुढे जाता येत नाही. मुदत ओलांडून राहिल्याबद्दल दंड भरावा लागू शकतो. तो माफ व्हावा अशी विनंती करायची असल्यास आजारपण, मायदेशातील युद्धस्थिती, पासपोर्ट न मिळण्याचे कारण हे सारे पुराव्यांनिशी त्याच अर्जासोबत मांडावे.

मुंबईत सर्वाधिक अर्ज अडकण्याजोगी जागा म्हणजे पत्ता. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करायला घरमालक कचरतो, सोसायटी ना-हरकत देत नाही, आणि भाडेकरू वर्षानुवर्षे तोंडी बोलीवर राहतो. परदेशी व्यक्तीला घरात ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या आत त्याची माहिती देणारा, फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा, फॉर्म भरणे बंधनकारक आहे. तो भरलेला नसेल तर अर्जदाराच्या पत्त्यालाच आधार राहत नाही. हा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. घरमालकांनी तो भिऊन टाळू नये. तो भरल्याने त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी वाढत नाही, उलट न भरल्याने ते स्वतः कायद्याच्या कचाट्यात सापडतात.

दुसरी अडचण नावाची. आपल्या शाळांत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिण्याची रीत आहे, तर अफगाण किंवा म्यानमारी कुटुंबांत आडनाव नसणे नेहमीचेच. त्यामुळे महापालिकेच्या जन्मदाखल्यावर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे आणि यूएनएचसीआरच्या कार्डावर तिसरे नाव, असे एकाच मुलाच्या बाबतीत घडू शकते. व्हिसा अधिकाऱ्याला या तीन व्यक्ती वाटतात. जन्मदाखला घेतानाच आईवडिलांच्या कार्डावरील स्पेलिंग अक्षर न अक्षर उतरवून घ्यावे, आणि फरक आधीच पडला असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. मुंबईत जन्मलेल्या अशा मुलाला केवळ येथे जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे प्रवासाच्या वेळी त्याच्यासाठीही स्वतंत्र कागद आणि परवानगी लागते.

तिबेटींचे ओळख प्रमाणपत्र

आपल्या राज्यात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि हिवाळ्यात मुंबईत स्वेटर विकायला बसणारे तिबेटी तर सर्वांच्या ओळखीचे आहेत. यांच्यासाठी पासपोर्ट कायदा, १९६७मध्ये सोय आहे. त्याच्या चौथ्या कलमात ओळख प्रमाणपत्राचा उल्लेख असून विसाव्या कलमाने केंद्र सरकारला लोकहितासाठी नागरिक नसलेल्यांनाही प्रवास दस्तऐवज देण्याचा अधिकार दिला आहे. पिवळ्या मुखपृष्ठाचे हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वैध नोंदणी प्रमाणपत्र लागते. अर्ज दिल्लीतील दलाई लामा यांच्या ब्यूरोच्या शिफारशीने दिल्लीच्याच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे जातो आणि पोलीस पडताळणी होते. प्रमाणपत्र हाती आले म्हणून प्रवास सुरू करता येत नाही. निघण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडून एक्झिट परमिट आणि परतीचा व्हिसा घ्यावाच लागतो, आणि परतीच्या व्हिसाची मुदत परदेशात संपू द्यायची नाही. आजारपणाने मुक्काम लांबला तर मुदत संपण्याआधीच तेथील भारतीय दूतावास गाठावा. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ यांदरम्यान भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने नागरिक आहेत आणि त्यांना भारतीय पासपोर्टचा हक्क आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये दिला. मात्र तो पासपोर्ट घेताना नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळख प्रमाणपत्र परत करावे लागते.

पुनर्वसनासाठी जाणारे

तिसऱ्या देशात पुनर्वसन हा अर्ज करून मिळवण्याचा हक्क नाही. यूएनएचसीआर संरक्षणाच्या निकडीनुसार नावे सुचवते आणि अंतिम निर्णय तो देश घेतो. जगभरातील निर्वासितांपैकी एका टक्क्याहूनही कमी लोकांच्या वाट्याला ही संधी येते. नोंदणीपासून मुलाखतीपर्यंत यातील काहीही पैसे देऊन होत नाही, त्यामुळे नाव वर आणून देतो असे सांगणारा दलाल फसवतच असतो. बनावट पासपोर्ट वापरल्यास २०२५च्या कायद्यात किमान दोन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, हेही अशा दलालाच्या दारी जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. पासपोर्टच नसलेल्याला रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती एका खेपेपुरता तातडीचा प्रवास दस्तऐवज विनामूल्य देऊ शकते. त्यासाठी स्वीकारणाऱ्या देशाने व्हिसाचे आश्वासन दिलेले असावे आणि भारताने बाहेर पडण्याची परवानगी दिलेली असावी लागते. हा दस्तऐवज एकाच दिशेचा आहे, परतीला चालत नाही.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २वर काउंटरवरील कर्मचाऱ्यांनी असे कागद क्वचितच पाहिलेले असतात, आणि अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेल्यास दंड विमान कंपनीला होत असल्याने शंका आली की ते प्रवाशाला थांबवतात. म्हणून शक्यतो थेट विमान घ्यावे. वाटेत विमान बदलायचे असल्यास त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा अशा दस्तऐवजाला लागतो का, हे तेथील वाणिज्य दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे. तोच दस्तऐवज एका देशाला चालतो आणि शेजारच्या देशाला चालत नाही. सारे मूळ कागद हातातील पिशवीत ठेवावेत.

उलट दिशेने, म्हणजे परदेशात निर्वासित म्हणून राहणारा नातेवाईक मुंबईला भेटीला येणार असेल, तर त्याला भारताचा ई-व्हिसा मिळत नाही, कारण ती सोय पासपोर्टधारकांपुरतीच आहे. त्याने राहत्या देशाने दिलेल्या आपल्या निळ्या प्रवास पुस्तिकेवर भारतीय दूतावासातून साधा व्हिसा घ्यायचा असतो. अमेरिकेची अशी पुस्तिका एकच वर्ष चालते आणि तिचा अर्ज सहसा अमेरिकेत असतानाच करावा लागतो. ज्या देशातून तो पळून आला तेथे ही पुस्तिका चालत नाही, म्हणून परतीच्या मार्गावर त्या देशातील विमानतळ येत नाही ना, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. तो येथे घरी उतरणार असेल, तर त्याच्यासाठी फॉर्म सी भरण्याचे काम यजमान कुटुंबाचे आहे.