तापमानाचा स्थिर काटा आणि उष्ण प्रदेशातील मोटारी

ऑस्ट्रेलियात टोयोटा लँड क्रूझर बाळगणाऱ्यांमध्ये, विशेषतः 1990 मध्ये आलेल्या 80 सिरीजच्या मालकांमध्ये, डॅशबोर्डवरील इंजिनाच्या तापमानाच्या काट्यात बदल करून घेण्याची पद्धत रुजली. या गाडीच्या गेजमधील (मापकातील) झीनर डायोड या व्होल्टेज रोखून धरणाऱ्या भागामुळे काटा नेहमीच्या तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जागचा हलत नाही. तो डायोड बाजूला करून त्या जागी योग्य मूल्याचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) सोल्डर केला की काटा प्रत्यक्ष तापमानाबरोबर वरखाली होऊ लागतो. काम तासाभराचे आहे. पण कंपनीने विचारपूर्वक थांबवलेला काटा ग्राहकांना पुन्हा हलता का करावासा वाटला, हे समजण्यासाठी या उपकरणाचा इतिहास पाहावा लागतो.

सुरुवातीच्या मोटारींत तापमान दाखवणारे काहीच नव्हते. फोर्डच्या मॉडेल टीसारख्या गाडीत बहुतेक काळ पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर जाते आणि थंड झालेले खाली येते, एवढ्यावरच इंजिनाचे थंड होणे चाले. इंजिन तापले हे चालकाला कळे ते रेडिएटरमधून वाफ उसळल्यावरच. अमेरिकेत 1912 मध्ये हॅरिसन बॉइस यांच्या नावाने पेटंट झालेल्या ‘मोटोमीटर’ने ही उणीव भरून काढली. रेडिएटरच्या झाकणावरच बसणारा हा थर्मामीटर चालकाला काचेतून समोर दिसे. त्याचे टोक पाण्यात बुडलेले नसे, तर पाण्यावरच्या वाफेचे तापमान घेत असे. हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण त्यामुळे पाणी कमी झाले तरी मीटर आंधळा होत नव्हता. पुढच्या बहुतेक गेजमध्ये हा गुण राहिला नाही.

नंतर मीटर डॅशबोर्डवर आला. इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणात) ईथरसारख्या चटकन वाफ होणाऱ्या द्रवाचा छोटा बल्ब, तिथून डॅशबोर्डपर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी आणि गेजमध्ये वाकवलेली चपटी बूर्दों नळी, अशी ही रचना होती. फ्रान्सच्या युजीन बूर्दों यांनी 1849 मध्ये पेटंट घेतलेले हे तत्त्व वाफेच्या इंजिनांवरील दाबमापकांतून मोटारीत आले. द्रव तापला की दाब वाढे, नळी किंचित उलगडे आणि काटा सरके. विजेचा संबंध नसल्याने बॅटरी अशक्त झाली तरी वाचन बिघडत नसे. मात्र नळी पिचली की गेज निकामी होई.

विजेवरच्या गेजमध्ये हेडमध्ये किंवा थर्मोस्टॅटजवळ सेंडर, म्हणजे तापमान टिपून गेजला कळवणारा भाग, बसतो. त्यातील थर्मिस्टरचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो, जास्त विद्युतप्रवाह वाहतो आणि काटा वर चढतो. अनेक ब्रिटिश गाड्यांत हा काटा तापल्यावर वाकणाऱ्या द्विधातूच्या पट्टीवर चाले आणि त्यासाठी सुमारे 10 व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारा स्टॅबिलायझर असे. तो बिघडला की पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच चुकीचे दाखवू लागत, आणि जाणता मेस्त्री त्यावरूनच दोष ओळखत असे.

गेज विजेवर आल्याने त्याच्याशी छेडछाड करणेही सोपे झाले. सेंडरच्या वायरमध्ये एखादा रेझिस्टर ओळीने जोडला की इंजिन तितकेच गरम असूनही काटा खाली उतरतो. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली गेली आणि त्याचे अर्थिंग कमजोर झाले, तरी तोच परिणाम नकळत होतो. हे दोन्ही प्रकार घातक आहेत आणि लँड क्रूझरवाल्यांच्या बदलाशी त्यांची गल्लत करता कामा नये. त्या प्रकारांत माहिती लपते, तर लँड क्रूझरच्या बदलात लपलेली माहिती उघडी होते.

काटा स्थिर ठेवण्यामागे उत्पादकांची कारणे होती. निरोगी इंजिनाचे तापमानही चढावर, सिग्नलवर, पंखा चालू-बंद होताना काही अंशांनी बदलत राहते. काटा ते प्रामाणिकपणे दाखवू लागला की ग्राहक घाबरतो आणि काही बिघाड नसताना गाडी सर्व्हिस सेंटरला आणतो. म्हणून नेहमीच्या कार्यकक्षेत काटा मध्याजवळ रोखून धरण्याची पद्धत पडली. माझदाने तर एमएक्स-5 च्या ऑइल प्रेशर गेजच्या बाबतीत 1990 च्या दशकाच्या मध्यात याहून पुढचे पाऊल टाकले: काट्यामागे दाब मोजणाऱ्या सेंडरऐवजी केवळ ‘आहे की नाही’ सांगणारा स्विच आला. समशीतोष्ण हवेत आणि सपाट रस्त्यावर याने फारसे बिघडत नाही.

उष्ण प्रदेशात मात्र बिघडते, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे मुख्यतः कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट 90 अंश सेल्सिअस आणि हवा 20 अंश असेल, तर फरक 70 अंशांचा असतो. हवा 48 अंश झाली की तो 42 उरतो, म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता जवळपास 60 टक्क्यांवर येते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऊडनाडट्टा येथे 2 जानेवारी 1960 रोजी 50.7 अंशांची नोंद झाली आहे. राजस्थानातील फलोदीने 19 मे 2016 रोजी 51 अंश गाठले. आखाती देशांसाठीच्या गाड्यांना मोठे रेडिएटर दिले जातात, ते याचसाठी.

अशा हवेत मागे कॅरव्हॅन जोडून किंवा ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंटाच्या वाळूत कमी गिअरमध्ये गाडी तासन्‌तास चालवली जाते, तेव्हा बिघाड एकदम येत नाही. पंख्याला इंजिनाशी जोडणारे व्हिस्कस कपलिंग हळूहळू ढिले पडते, रेडिएटरच्या पापुद्र्यांत गवताचे बी आणि चिखल अडकतो, आणि 88 अंशांवर चालणारे इंजिन महिनाभरात 100 ते 105 पर्यंत जाऊ लागते. थांबवलेला काटा यातले काहीच सांगत नाही. तो हलतो तेव्हा चालकाच्या हातात फार थोडा वेळ उरलेला असतो, आणि हेड वाकणे किंवा त्याखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट, जाणे ही शेकडो किलोमीटर ओसाड प्रदेशात परवडणारी गोष्ट नाही. आपल्याकडे मे महिन्यात भरल्या गाडीने कसारा घाट चढणाऱ्यालाही हीच चढती सूचना हवी असते. मात्र त्याला मदत बरीच जवळ मिळते.

बदलानंतर काटा कोणत्या खुणेवर म्हणजे किती अंश, हे नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी जुनी, खात्रीची रीत अशी की सेंडर काढून पाण्याच्या भांड्यात सोडायचा, त्याच्या धातूच्या अंगाला वेगळी वायर जोडून गाडीचे अर्थिंग द्यायचे, शेजारी थर्मामीटर ठेवायचा आणि पाणी तापवत काट्याच्या जागा लिहून घ्यायच्या. उकळते पाणी समुद्रकाठी 100 अंशांचे असते, पुण्याच्या उंचीवर सुमारे 98 अंशांचे. तेवढा फरक हिशेबात धरावा लागतो. त्यापुढचा भाग भांड्यात तपासता येत नाही. रेडिएटरचे झाकण साधारण 0.9 बार जादा दाब धरून ठेवते तेव्हा समुद्रसपाटीला साधे पाणीही जवळपास 119 अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून काटा 100 च्या पुढे गेला तरी लगेच उकळी फुटली असे नसते.

मोटोमीटरला नसलेली एक अडचण मात्र या बदलानेही सुटत नाही. होजपाइप फुटून कूलंट पूर्ण वाहून गेले की सेंडर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणून दूरच्या प्रवासाला निघणारे कित्येक जण हेडच्या धातूला बोल्टने लावलेला वेगळा सेन्सर आणि मोठ्याने वाजणारा बझर बसवतात. माझ्या मते काट्यातील बदलाआधी हा खर्च करावा.

पुढे काटा इंजिनाच्या संगणकाच्या हाती गेला आणि डायोड बदलून काही साधेनासे झाले, कारण आता काटा थांबवण्याचे काम सॉफ्टवेअर करते. भारतातील कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नाही. थंड इंजिनासाठी निळा आणि अति तापलेल्यासाठी लाल दिवा एवढेच मिळते. पण ओबीडी-2 सॉकेट (गाडीच्या संगणकातील माहिती वाचण्याची जागा) असलेल्या गाडीत कूलंटचे तापमान एका बाइटमध्ये, म्हणजे 0 ते 255 मधल्या एका आकड्यात, उपलब्ध असते. त्या आकड्यातून 40 वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. सॉकेटमध्ये स्वस्त ब्लूटूथ ॲडॅप्टर लावून मोबाइलवर हा आकडा पाहता येतो, आणि बहुतेक जण आता सोल्डरिंगऐवजी तोच मार्ग धरतात. सेंडर कूलंटमध्ये बुडालेला असला पाहिजे, ही अट मात्र या आकड्यालाही लागू आहे.