पोलादाला गेलेला तडा आणि नाण्यांचा क्रम

एका टांकसाळीने एकाच वर्षी पाडलेली एकाच किमतीची नाणी हुबेहूब सारखी असणार, असा आपला समज असतो. आजच्या यंत्रयुगात तो बहुतांशी खराही आहे. परंतु अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 1793 ते 1814 या काळात पाडलेले तांब्याचे मोठे सेंट भिंगाखाली धरले, की तो टिकत नाही. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी 1949 साली या सेंटांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यातील मुख्य क्रमांक 295 पर्यंत जातात आणि प्रत्येक क्रमांक म्हणजे दर्शनी व मागील ठशांची, म्हणजे नाण्याच्या दोन बाजू उमटवणाऱ्या पोलादी साच्यांची, एक निराळी जोडी असते.

या वैविध्याचे मूळ हातकामात आहे. ठशाच्या मऊ पोलादावर अक्षरे आणि वर्षाचे आकडे एकेक करून पंचाने, म्हणजे टोकाला अक्षर असलेल्या पोलादी खिळ्याने, ठोकले जात, त्यामुळे दोन ठशांवरील अंतरे आणि कल कधीच तंतोतंत जुळत नसत. 1793 च्या एका ठशावर तर ‘अमेरिका’ हा शब्द ‘अमेरि.’ असा अर्ध्यावरच तोडलेला आहे. शिवराईवरील अक्षरांची वळणे न्याहाळणाऱ्या आपल्याकडील संग्राहकांना हे नवल वाटणार नाही.

मला खरे आकर्षण आहे ते पुढच्या टप्प्याचे. कोरून झालेला ठसा तापवून त्याला पाणी दिले, की तो कठीण होतो. पण कठीण होताना ठिसूळही होतो, आणि आघातांनी त्याला तडे जाऊ लागतात. आघाताच्या क्षणी दोन ठशांमध्ये ठेवलेल्या कोऱ्या चकतीचे तांबे त्या तड्यात शिरते. म्हणून ठशातील खोल तडा नाण्यावर उंच रेघ होऊन उमटतो, तर वापरात पडलेला ओरखडा नाण्यात खोलवर गेलेला असतो. भिंग धरून हा भेद एकदा ओळखता आला, की पुढचे तर्क सुरू होतात. तडा वाढतो, बुजत नाही. समजा, मागील ठसा ‘क’ हा ‘अ’ या दर्शनी ठशाबरोबर वापरला तेव्हा त्याचा तडा आखूड होता आणि ‘ब’ बरोबरच्या नाण्यांवर तोच तडा काठापर्यंत पोहोचलेला दिसतो. तर ‘अ-क’ जोडी आधी आणि ‘ब-क’ नंतर चालली, हे टांकसाळीची एकही नोंद न वाचता ठरवता येते. मधे चकती नसताना ठसे एकमेकांवर आदळले, तर त्यांवर टकरीच्या खुणा उमटतात. त्या मात्र घासून काढता येत असल्यामुळे केवळ त्यांच्या आधारे क्रम लावणे धोक्याचे असते.

ठसे झिजून मोडत गेल्यावरून क्रम लावण्याचे 1804 चा सेंट हे उत्तम उदाहरण आहे, कारण त्या वर्षाची एकच जोडी ज्ञात आहे. तिच्या सुरुवातीच्या नाण्यांवर दोन्ही ठसे अखंड दिसतात; अखेरच्या नाण्यांवर मात्र ‘लिबर्टी’तील आर, टी, वाय या अक्षरांवर आणि मागे ‘अमेरिका’तील एम ते सी या अक्षरांवर, ठशाच्या काठाचा तुकडा निखळल्यामुळे, तांब्याचे सपाट फुगवटे आहेत.

जुने नाणे लाखो रुपयांना विकले जाते, असे संदेश आपल्याकडे सतत फिरतात, आणि 2021 साली रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबाबत लोकांना सावध करावे लागले. नाण्याचे महत्त्व केवळ वयावरून ठरत नाही; ते कोणत्या ठशांनी पाडले, हेही पाहावे लागते. उदाहरणार्थ, टाकून दिलेल्या जुन्या ठशांपासून सुमारे 1860 मध्ये 1804 च्या सेंटची नक्कल पाडण्यात आली. तिची दर्शनी बाजू 1803 च्या ठशावरील आकडा बदलून केलेली होती आणि मागील बाजूचा ठसा 1820 चा होता.